कोणता टाका उचलायचा?

जुनं भरतकाम पुन्हा करून बघणारी एक पिढी आपल्या डोळ्यांदेखत तयार झाली आहे. कुणी पणजीच्या हातच्या कुंचीवरची वेल उतरवून घेतं. कुणी परदेशातल्या संग्रहालयाच्या वेबसाइटवरचा फोटो झूम करून टाके मोजतं. सहा महिने खपून एक चौकट पुरी होते आणि साठ सेकंदांच्या रीलमध्ये ती आपल्यासमोर येते. खाली प्रश्न पडतात: धागा कुठला? मॅटी कुठे मिळाली? रिंग किती इंची? ‘हेच का निवडलं?’ असं सहसा कुणी विचारत नाही.

मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हजार जुन्या वस्तूंमधून एक उचलताना आपण म्हणत असतो की ही पुन्हा व्हायला हवी, हिच्यासाठी डोळे आणि पाठ दुखवून घ्यायला हरकत नाही. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव वस्तूंबद्दलही तेव्हाच आपण काहीतरी बोलून गेलेलो असतो. म्हणजे सुईत दोरा ओवण्याआधीच एक समीक्षा होऊन गेलेली असते. तिची पारख कशी करायची, एवढंच इथे बघायचं आहे.

ही पारख धाराशिव जिल्ह्यातून करून बघू, कारण इथे निवड सोपी नाही. पैठणला पैठणी आहे, छत्रपती संभाजीनगरला हिमरू आहे, शेजारच्या सोलापूरला चादर आहे. धाराशिवच्या नावाने ओळखलं जाणारं कापड चटकन आठवत नाही. आणि ती तिन्हीही खरं तर विणकामं आहेत. त्यांची नक्षी मागावरच तयार होते, नंतर सुईने भरली जात नाही. ‘पैठणीचा मोर भरला’ असं आपण म्हणतो तेव्हा एका कलेचं रूप दुसऱ्या कलेत नेलेलं असतं. ते करायला काहीच हरकत नाही, पण ती पुनर्निर्मिती नव्हे.

तेरचा मोह

धाराशिवमध्ये ‘ऐतिहासिक’ म्हटलं की पहिलं बोट तेरकडे जातं. गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव तगर होतं. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या प्रवासपुस्तिकेत तगरचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायची. म्हणजे या जिल्ह्याचा कापडाशी असलेला संबंध लेखी पुराव्यानिशी दोन हजार वर्षांचा आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या आणि हस्तिदंती मूर्ती आहेत. इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय मूर्तीची बहीण शोभावी इतकी तिच्याशी जुळते.

मोह होणारच. त्या मूर्तींचे दागिने, केशरचना, कमरेची मेखला बघून एखादी मुलगी ‘सातवाहनकालीन भरतकाम’ करायला बसली तर तिला दोष कसा द्यायचा? पण अडचण साधी आहे. तगरहून गेलेल्या कापडाचं वर्णन आहे, दोरा नाही. आपल्या हवेत आणि मातीत सुती कापड इतकी वर्षं टिकत नाही. प्राचीन भारतीय सुती कापडाचे तुकडे सापडले ते इजिप्तमध्ये, तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेसारख्या बंदरात, कारण तिथलं वाळवंट कोरडं आहे. मूर्तीवर कोरलेली रेघ म्हणजे शिवण, घडी, विणलेला काठ की भरलेला टाका, हे मूर्ती बघून ठरवता येत नाही. समजा ठरवलं, तरी तो टाका साखळीचा होता की धावदोऱ्याचा?

तेरच्या मूर्तींवरून नवी नक्षी जरूर काढावी. फक्त तिला ‘माझी नक्षी, तेरवरून सुचलेली’ म्हणावं. ‘पुनर्निर्मिती’ या शब्दात एक करार असतो: मी चुकले तर ते सिद्ध करता येईल. तेरच्या बाबतीत तुम्हाला चूक ठरवणारं कुणी नाही, आणि बरोबर ठरवणारंही नाही.

चड्डी घातलेली माणसं

हा करार मोडला की काय होतं, त्याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण इंग्लंडमधलं आहे. फ्रान्समधल्या बायो गावी अकराव्या शतकातला सुमारे सत्तर मीटर लांबीचा पट आहे. त्याला ‘टॅपेस्ट्री’ म्हणतात, पण ते तागाच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्याने केलेलं भरतकाम आहे. १०६६ सालच्या लढाईची सगळी गोष्ट त्यावर भरलेली आहे. १८८५ मध्ये लीक या गावच्या एलिझाबेथ वॉर्डल यांनी ठरवलं की इंग्लंडकडे याची आपली प्रत हवी. पस्तीसेक बायका बसल्या आणि वर्षभरात सगळा पट पुन्हा भरून काढला. ही प्रत आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे.

काम अप्रतिम आहे. पण मूळ पटात काही माणसं नागडी आहेत, आणि रेडिंगच्या प्रतीत त्यांना चड्ड्या चढल्या आहेत. याचं खापर सहज त्या बायकांच्या लाजाळूपणावर फोडलं जातं, पण त्यांनी मूळ पटावरून काम केलं नव्हतं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या, हाताने रंगवलेल्या फोटोंवरून त्यांनी आकृत्या उतरवल्या होत्या, आणि सभ्यतेची दुरुस्ती त्या फोटोंवरच झालेली होती. बायकांनी प्रामाणिकपणे कॉपीची कॉपी केली.

मोबाइलच्या पडद्यावरून टाके मोजणाऱ्या आपल्याला ही गोष्ट लागू पडते. फोटो कितीही चांगला असो, मधल्या कुणीतरी काय दाखवायचं ते ठरवलेलं असतं. शिवाय फोटो बहुधा समोरून असतो. भरतकाम मात्र मागून वाचायचं असतं: दोरा कुठून कुठे उडी मारतो, गाठ आहे की नाही, आधी कोणता रंग भरला.

पण त्याच प्रतीत एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येकीने आपण भरलेल्या भागाखाली आपलं नाव टाक्यांत लिहिलं आहे. मूळ पट भरणाऱ्या हातांची नावं इतिहासाला माहीत नाहीत. ती चूक निदान प्रत करणाऱ्यांनी दुरुस्त केली.

रेडिंगवरून निवडीसाठी दोन कसोट्या हाती लागतात. मी चुकले तर मला कोण सांगेल? आणि शेवटी नाव कुणाचं लागेल?

जिवंत हात कुठे आहे

या दोन कसोट्या घेऊन धाराशिवला परत आलो की वाट तेरऐवजी तांड्याकडे वळते. जिल्ह्यात, विशेषतः तुळजापूर-उमरगा भागात, बंजारा वस्त्या आहेत. फेटिया म्हणजे भरपूर घेराचा घागरा, काचळी म्हणजे पाठ उघडी ठेवून बंदांनी बांधायची चोळी, वर आरसे-कवड्या लावलेली ओढणी. हा पोशाख आपण सगळ्यांनी एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात पाहिलेला आहे. पाहिलेला आहे म्हणूनच आपण त्याला इतिहास म्हणत नाही.

बंजारा समाज शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेत असे. त्या व्यापाराला लदेणी म्हणत. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने हजारो बैलांचे असे तांडे रस्त्यात पाहून लिहून ठेवले आहेत. जिथे घरच चालतं आहे तिथे भिंत रंगवता येत नाही. त्यामुळे सगळी सजावट कापडावर आली: पिशव्या, बैलांच्या झुली, घागरीखालची चुंबळ आणि तिला मागे लोंबणारा पदर, अंगावरचे कपडे. जाड सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून ते टाक्यांनी एकत्र बांधायचे, म्हणजे नक्षीही होते आणि कापड मजबूतही होतं.

रेल्वे आली, रस्ते झाले आणि लदेणी संपली. इंग्रजी अमलातल्या काही भागांत तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली बंजाऱ्यांवर शिक्काच बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज मराठवाड्यातली बरीच बंजारा कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडात कोयता चालवताना जड फेटिया कोण घालणार? साडी सोयीची, सलवार-कमीज त्याहून सोयीची. शिवाय त्या कपड्यांमुळे बाजारात, बसमध्ये जे शेरे ऐकावे लागतात ते वेगळेच. तरुण मुलींनी तो पोशाख सोडला यात हळहळण्यासारखं काही नाही, तो त्यांचा निर्णय आहे. हळहळ असेल तर वेगळ्या गोष्टीची: ज्या हातांना ते टाके येतात ते हात आता म्हातारे आहेत. ऊसतोडीच्या दिवसांत तांड्यावर मागे राहतात ते बहुधा हेच हात आणि लहान पोरं.

म्हणजे चूक दाखवणारं माणूस इथे आहे, पण कायम असणार नाही. माझ्या दृष्टीने निवडीचा कौल इथेच लागतो.

संडूर, हम्पी आणि एक जाडजूड पुस्तक

‘पण हे काम तर कुणीतरी करतंच आहे ना?’ करतं आहे, आणि चांगलं करतं आहे. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात संडूर आहे, एकेकाळचं घोरपड्यांचं मराठी संस्थान. तिथल्या संडूर कुशल कला केंद्राने लमाणी बायकांचं भरतकाम अनेक वर्षं जोपासलं आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. संडूरच्या कामात चौदा टाके मोजले जातात. किलण, वेले, माकी, तेरा डोरा, कौडी, रेलो, जोल्या, नाकरा ही त्यातली काही नावं. नाव असणं हीच मोठी गोष्ट आहे. ज्या टाक्याला नाव आहे तो शिकवता येतो, मागता येतो, त्यावर भांडताही येतं.

जुलै २०२३ मध्ये हम्पीला जी-ट्वेंटीच्या संस्कृतीविषयक बैठकीच्या वेळी याच केंद्राच्या साडेचारशेहून अधिक बायकांच्या हातच्या १,७५५ वस्तू मांडल्या गेल्या आणि ‘गिनेस’मध्ये विक्रमाची नोंद झाली. मला त्या बायकांचा अभिमान वाटतो, विक्रमाच्या कल्पनेचा वाटत नाही. विक्रम वस्तू मोजतो. १,७५५ हा आकडा कॅप्शनमध्ये शोभतो, पण त्यातली कोणती वस्तू कुणी केली, कोणता टाका आईकडून आला आणि कोणता केंद्रात शिकवला गेला, हे त्या आकड्यातून कळत नाही. रेडिंगच्या पटाखाली नावं आहेत. इथे आकडा आहे.

दुसरं टोक म्हणजे शार्लट क्वॉन आणि टिम मॅक्लॉक्लिन यांचं २०१६ साली ‘थेम्स अँड हडसन’ने काढलेलं ‘टेक्स्टाइल्स ऑफ द बंजारा’ हे पुस्तक. कॅनडात राहणाऱ्या या दोघांनी या कलेला दिलेलं लक्ष आपल्याकडच्या कितीतरी जाणकारांना लाजवणारं आहे. बंजारा काम म्हणजे ‘आरसे आणि झगमग’ एवढीच ज्यांची समजूत आहे त्यांनी त्यातले तुकडे बघावेत: मोजून घातलेले टाके, आवरलेले रंग, भूमितीची पक्की जाण. पण पुस्तक इंग्रजी आणि महाग आहे. ज्या बायकांची ही विद्या, त्यांच्या हातात ते पडण्याची शक्यता कमी. आणि पानावर छापलेला सुंदर तुकडा नकळत ‘मूळ’ होऊन बसतो. मग तांड्यावरच्या आजीने वेगळा रंग वापरला की आपणच तिला ‘हे ऑथेंटिक नाही’ असं सुनावणार! रेडिंगची चड्डी अशीच शिवली जाते.

शिवाय मानांकन भूगोलाला बांधलेलं असतं. तोच टाका धाराशिवच्या तांड्यावर घातला तर तो ‘संडूर’ म्हणून विकता येत नाही. सरकारी कागदांचंही तसंच आहे. हा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन मराठवाड्यात मोर्चे निघाले ते याच तफावतीवरून. मागणीचा निवाडा इथे करायचा नाही. पण राज्याची हद्द ओलांडली की माणसाची ओळख बदलते आणि पिशवीवरचा टाका तोच राहतो, हे भरतकाम करणाऱ्याने लक्षात ठेवावं. धाराशिवच्या टाक्यांची वेगळी नोंद व्हायला हवी ती यासाठीच.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: आजीच्या पेटीतली पिशवी ऐतिहासिक कशी? हातात असलेले बहुतेक बंजारा तुकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे किंवा विसाव्या शतकातले आहेत, हे खरं. पण वस्तूचं वय आणि पद्धतीचं वय वेगळं असतं. दरबारी वस्त्रं जपली गेली कारण ती पेटाऱ्यात राहिली. तांड्याची पिशवी वापरून फाटली आणि नवी केली गेली. तिथे वस्तू गेली तरी कृती टिकली. आपण जुन्यातली फक्त जपून ठेवलेली वस्तू ‘ऐतिहासिक’ मानली, तर ज्यांच्याकडे पेटारे होते त्यांचाच इतिहास पुन्हा पुन्हा भरत बसू.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: बंजारा नसलेल्या मुलीने हे का करावं? २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे संतापलो होतो. तोच नियम आपल्यालाही लागू आहे. गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लमाणी बायकांच्या दुकानांतून फिरलं की आणखी एक गोष्ट दिसते: जुने भरलेले कपडे कापून केलेल्या पर्सेस आणि उशांचे अभ्रे. जुनं काम कापून विकलं जातं, कारण नव्याला जुन्याइतका भाव नाही.

माझं उत्तर असं: शिकावं, पण शिष्य म्हणून. जुना तुकडा विकत घेऊन उसवू नये. शिकवणारीच्या दिवसाचे पैसे द्यावेत, आणि ऊसतोडीच्या रोजाहून कमी देऊ नयेत. केलेलं काम विकू नये. विकायचंच असेल तर तिच्या हातचं विकायला मदत करावी. आणि तिची हरकत नसेल तर तिचं नाव सांगावं. एवढं जमत नसेल तर हा प्रकल्प सोडून द्यावा. त्यातही कमीपणा नाही.

ज्यांना एकट्यानेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी शेजारचा दुसरा पर्याय आहे: कसुती. आपल्याकडे हौसेने नेसली जाणारी इरकल ज्या भागातून येते, तिथलंच हे भरतकाम. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चारच टाके. गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, अंबारीचा हत्ती अशा आकृत्या कापडाचे धागे मोजून भरायच्या आणि गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसायला हवेत. कापड उलटं करा, चूक लगेच कळते. म्हणजे इथे चूक दाखवणारं माणूस नसलं तरी कापडच ते काम करतं. कसुती पहिल्या कसोटीला पुरती उतरते, म्हणून तिची शिफारस मी निःशंकपणे करते.

मग उचलायचं काय?

अख्खा फेटिया उचलू नका. तो वर्षानुवर्षांचा आणि बऱ्याचदा एकीहून अधिक हातांचा ऐवज असतो. पहिल्याच प्रयत्नात त्याला हात घालणं म्हणजे वाचता यायला लागल्यावर लगेच ज्ञानेश्वरीवर टीका लिहायला बसणं. तळहाताएवढा तुकडा घ्या: पिशवीचा एक कोपरा किंवा घागरीखालच्या चुंबळीची कड. लहान तुकडा पुरा होतो, आणि मुळाशेजारी ठेवून बघता येतो.

कापड मांजरपाट किंवा हातमागाचं जाड सुती घ्या, धागे मोजता येतील असं. दोरा सुती असू द्या, चमकणारा रेशमी नको. कवड्या तुळजापुरात मिळतात. देवीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आणि बंजारा पिशवीची कड, दोन्हीकडे तीच कवडी आहे. समुद्रापासून इतक्या लांबच्या या जिल्ह्यात ती जुन्या व्यापाराच्या वाटांनी आली, एकेकाळी नाण्यासारखी चालली आणि मग देवीच्या गळ्यात आणि पिशवीच्या काठावर स्थिरावली. पुस्तकातून काढलेल्या नक्षीपेक्षा ही एक कवडी मला जास्त इतिहास सांगते.

जुने तुकडे बघायचे असतील तर वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं बंजारा विरासत संग्रहालय आहे. पण संग्रहालयातून सुरुवात करण्यापेक्षा तांड्यावरून करावी असं मला वाटतं. काचेमागच्या तुकड्याला प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही. तांड्यावर उत्तर येईल, बहुधा गोरबोलीत, आणि निम्मं हाताने करून दाखवलेलं. टाक्याचं तिथे जे नाव असेल तेच लिहून घ्या. ते संडूरच्या चौदा नावांशी जुळलं नाही तर उत्तमच. तीच धाराशिवची नोंद.

आणि काम पुरं झाल्यावर फोटो टाकाल तेव्हा पहिला फोटो मागच्या बाजूचा टाका. दोरा कुठे चुकला, कुठे उसवून पुन्हा घातला, ते दिसू द्या. समोरून सुंदर दिसणारं काम आता कुणालाही करून घेता येतं. तुमचा टाका बघून मान हलवणारं, सुई हातातून काढून घेऊन ‘उसव हे’ म्हणणारं कुणीतरी अजून आहे, ही या निवडीची खरी मिळकत आहे. अशी माणसं असतात तोवरच हे काम शिकून घ्यायला हवं.